बालतारकेचें वाढतें वय

सन १९४२ च्या ऑक्टोबर महिन्यांतली गोष्ट. लंडन शहरीं क्रायटेरियन नाट्यगृहांत बी. बी. सी. च्या एका कार्यक्रमाची तयारी चालली होती. समुद्रापलीकडे लढावयास गेलेल्या बापांना, भावांना, काका-मामांना घरच्या लहान मुलांनीं ध्वनिक्षेपकासमोर येऊन निरोपाचे चार शब्द सांगावे, असा तो कार्यक्रम. मुलें वडील माणसांबरोबर येऊन बसलीं होतीं. इतक्यांत हवाई हल्ला सुरू झाला. बाहेर पडण्याची सोय नाहीं. मुलें भ्यालीं आणि मोठीं माणसेंहि चुळबुळ करूं लागलीं. तेव्हां निर्मात्यानें विचारलें, कोणी कांहीं म्हणून दाखवील काय? पुढें आली ती दहा वर्षेंहि पुरीं न झालेली एक मुलगी. नात्यांतील एका सैनिकाला निरोप धाडावा म्हणून वडिलांनीं तिला तेथें आणलें होतें. तिनें बाळाचें कौतुक करणारें एक जुनें गीत म्हटलें. तें ऐकून मंडळी इतकी सुखावली कीं, प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या वेळीं तेंच गीत तिच्याकडून पुन्हां म्हणवून घेण्यांत आलें.

त्या मुलीचें नांव पेट्युला क्लार्क. खरें पाहतां हें तिचें जन्मनांव नव्हे. १५ नोव्हेंबर १९३२ रोजीं सरे परगण्यांत ती जन्मली तेव्हां सॅली ऑल्विन असें तिचें नांव ठेवण्यांत आलें होतें. 'पेट्युला' हें नांव वडिलांनीं बनविलें. आपल्या दोन जुन्या मैत्रिणींच्या नांवांचे तुकडे जोडून तें तयार केलें, असें ते गमतीनें सांगत. नांवहि घडविलेलें आणि पुढें कित्येक वर्षें मुलगीहि घडविलेलीच, असें तिचें चरित्र वाचतांना मनांत आल्यावांचून राहत नाहीं. आईबाप दोघेंहि रुग्णालयांत परिचर्येचें काम करणारीं, आई वेल्श. लहानपणीं पेट्युला दक्षिण वेल्समध्यें, खाणींच्या प्रदेशांतील एका खेड्यांत, आजोळीं राही. आजोबा कोळशाच्या खाणींत कामाला. घर दगडी, त्यांत विजेचा दिवा नाहीं, पाण्याचा नळ नाहीं. परंतु वेल्श लोकांना समूहगायनाचें वेड पिढीजात, आणि तेथील प्रार्थनामंदिरांत या मुलीचा कंठ प्रथम तयार झाला. १९३९ सालीं किंग्स्टन येथील एका मोठ्या दुकानांत ती वाद्यवृंदासह गायली, तेव्हां बिदागी म्हणून तिला मिठाईचा एक डबा आणि सोन्याचें मनगटी घड्याळ मिळालें. सात वर्षांच्या मुलीला यांतील कोणती वस्तु अधिक आवडली असेल, तें निराळें सांगावयास नको.

क्रायटेरियनमधील त्या प्रसंगानंतर मात्र मागणीला खळ राहिला नाहीं. सैनिकांच्या करमणुकीसाठीं योजलेल्या सुमारें पांचशें कार्यक्रमांत ती गायली. राजे सहावे जॉर्ज, चर्चिल आणि सेनापति मॉण्टगोमेरी यांनीं तिचें गाणें ऐकलें. रणगाड्यांवर सैनिक तिचीं छायाचित्रें शुभशकुन म्हणून चिकटवीत. 'इंग्लंडची शर्ली टेंपल' असें तिला वृत्तपत्रें म्हणूं लागलीं. छावण्याछावण्यांतून हिंडतांना कधीं कधीं तिच्यासोबत तिच्याहून तीन वर्षांनीं लहान अशी आणखी एक गाणारी मुलगी असे. तिचें नांव ज्यूली अँड्र्यूज. हें नांव श्रोत्यांनीं लक्षांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडणार आहे.

आतां, रणांगणावर निघालेल्या जवानाला लहान मुलीचें गाणें कां हवें? गाणारे थोर कलावंत त्या वेळीं इंग्लंडांत थोडे नव्हते. माझ्या मतें त्याचें कारण असें कीं, या मुलीच्या आवाजांत त्याला आपली धाकटी बहीण, आपली मुलगी, आपलें सोडून आलेलें घर ऐकूं येत असे. म्हणजे मोल होतें तें गाण्याहून अधिक बालपणाचें. गाणें वयाबरोबर सुधारतें. बालपण वयाबरोबर संपतें. लोक ज्या गोष्टीसाठीं टाळ्या वाजवितात तीच गोष्ट दिवसेंदिवस कमी होत जावी, असा हा विलक्षण व्यवसाय आहे. रेडिओवर ही अडचण फारशी जाणवत नाहीं. ध्वनिक्षेपकासमोर उभी असलेली मुलगी दहा वर्षांची कीं चौदा वर्षांची, हें ऐकणाराला दिसत नाहीं. तो आपल्या मनांतलें चित्र तसेंच जपून ठेवूं शकतो. अडचण सुरू होते ती डोळे मध्यें आल्यावर.

आणि डोळे लवकरच मध्यें आले. १९४४ सालीं दिग्दर्शक मॉरिस एल्व्ही यांनीं रॉयल अल्बर्ट हॉलमध्यें तिला पाहिलें आणि 'मेडल फॉर द जनरल' या बोलपटांत एका अनाथ मुलीची भूमिका दिली. पुढें युद्ध संपलें. १ सप्टेंबर १९३९ रोजीं बंद पडलेली बी. बी. सी. ची दूरचित्रवाणी ७ जून १९४६ रोजीं अलेक्झांड्रा पॅलेसमधून पुन्हां सुरू झाली, आणि त्याच वर्षीं पेट्युला तिच्या पडद्यावर आली. कार्यक्रमाचें नांव 'कॅबरे कार्टून्स'. गाणारे गात असतां व्यंगचित्रकारानें त्यांचीं चित्रें रेखाटावीं, अशी त्याची योजना होती. तो लोकांना आवडला, आणि तिच्या स्वतःच्या नांवाचा कार्यक्रम दुपारच्या वेळीं होऊं लागला. नंतर 'पेट्स पार्लर' ही मालिका निघाली. त्या काळच्या दूरचित्रवाणीची आज कल्पना येणें कठीण. १९४७ सालीं पाहण्याच्या संचांचे परवाने सबंध देशांत पंधरा हजारांच्या आंत होते. कार्यक्रम जसा घडे तसाच पाठविला जाई. चुकलें तर चुकलें. चवदा वर्षांच्या मुलीनें तेथें दिव्यांच्या उकाड्यांत उभें राहून, न अडखळतां गाणें म्हणावें आणि दोन गाण्यांच्या मध्यें हंसतमुखानें चार शब्द बोलावे, ही सामान्य तयारी नव्हे. पुढें अमेरिकेंत तिचा जो सहजपणा वाखाणला गेला, त्याचा पाया या दुपारच्या कार्यक्रमांत घातला गेला होता.

परंतु या पडद्यानेंच तिला कोंडूनहि ठेवलें. १९४८ सालीं 'हिअर कम द हगेट्स' हा बोलपट आला. एका मध्यमवर्गीय कुटुंबाची ती कथा. त्यांतील धाकट्या मुलीचें काम तिचें, आणि गंमत अशी कीं त्या मुलीचें नांवहि 'पेट' असेंच ठेवलेलें. १९४९ सालीं त्याच कुटुंबावर आणखी दोन बोलपट निघाले. पात्राचें नांव आणि नटीचें नांव एकच झाल्यावर लोकांनीं दोघींना निराळें कां मानावें? सोळा-सतरा वर्षांची झाली तरी तिला आंखूड झगे आणि सपाट जोडे घालावयास लावीत, अंग वयांत आल्याचें दिसूं नये अशी खबरदारी घेत. आमच्याकडील नाटकमंडळ्यांत मुलाचा आवाज फुटला कीं त्याची स्त्रीभूमिका जाई. त्यानें पुरुषपार्टी व्हावें, पेटी धरावी, नाहीं तर घरीं जावें. त्यांत क्रूरपणा होता खरा, परंतु निकाल निसर्ग देई आणि मंडळीचे मालक तो मानीत. येथें निसर्गानें दिलेला निकालच दडवून ठेवण्याचा उद्योग चालला होता.

हा उद्योग कोणाचा? बोलपट-कंपनीचा होता, प्रेक्षकांचा होता, आणि तिचा सगळा व्यवहार पाहणाऱ्या वडिलांचाहि होता. लेस्ली क्लार्क यांना स्वतःला रंगभूमीची हौस होती. मुलीच्या रूपानें ती पुरी झाली. त्यांना दुष्ट ठरवून मोकळें होण्याचा मोह मात्र आवरला पाहिजे. १९४९ मध्यें तिची पहिली तबकडी निघाली, आणि लगेच पुढच्या वर्षीं, मुलीच्या गाण्यावर परक्यांचा ताबा राहूं नये म्हणून, वडिलांनीं अॅलन फ्रीमन यांच्या सहकार्यानें 'पॉलिगॉन' नांवाची तबकड्यांची नवी कंपनी उभारली. तिच्यांतूनच १९५४ मध्यें 'द लिटल शूमेकर' हें गाणें निघालें आणि इंग्लंडांतील पहिल्या दहा गाण्यांत जाऊन बसलें. मूळ चाल फ्रेंच होती. बावीस वर्षांच्या जवळ आलेल्या या मुलीचें बस्तान बसलें असें बापाला वाटलें असेल. पण लोक गाणें ऐकत ते अजून युद्धांतल्या त्या चिमुरडीचें. त्यांच्या प्रेमांत खोट नव्हती. खोट होती ती त्या प्रेमाच्या आठवणींत. लोकांनीं तिला ओळखूं नये असें एखादें ठिकाण तिला मिळाल्याखेरीज यांतून सुटका नव्हती.

तसें ठिकाण मिळालें तें जवळच, इंग्लिश खाडीच्या पलीकडे. १९५७ सालीं पॅरिसच्या ओलिंपिया नाट्यगृहांत गाण्याचें निमंत्रण आलें. सर्दीनें बेजार असतांनाहि ती गायली आणि प्रेक्षकांनीं तिला डोक्यावर घेतलें. दुसऱ्या दिवशीं करारासंबंधीं बोलणें करण्यासाठीं 'व्होग' या तबकड्यांच्या कंपनीच्या कचेरींत ती गेली असतां तेथील क्लोद वोल्फ या गृहस्थांची गांठ पडली. जून १९६१ मध्यें त्यांच्याशीं तिचा विवाह झाला.

आतांपर्यंत मीं तिचा उल्लेख 'ती' असा केला. यापुढें 'त्या' म्हणावयास हवें. इंग्लिश भाषेंत हा भेद नाहीं. असता तर लंडनकरांना 'ती'वरून 'त्या'वर यावयास किती वर्षें लागलीं असतीं, कोण जाणे! फ्रेंच भाषेंत 'तू' आणि 'तुम्ही' असा भेद आहे, आणि पॅरिसच्या श्रोत्यांना आरंभच 'तुम्ही'पासून करावा लागला. त्यांच्यापुढें उभी राहिली ती पंचवीस वर्षांची एक परकी गायिका. रणगाड्यावरचें छायाचित्र त्यांनीं पाहिलें नव्हतें, हगेट कुटुंबातली धाकटी मुलगी त्यांच्या ओळखीची नव्हती. क्लार्कबाईंना फ्रेंच भाषा येत नव्हती. ती त्या हळूहळू शिकल्या, आणि त्यांच्या उच्चारांतलें इंग्लिश वळण फ्रेंच लोकांना दोष न वाटतां गोड वाटलें. बालपणीं ज्या मुलीला मोठें होण्याची बंदी होती, तिनें वयांत आल्यावर पुन्हां बोबडे बोल बोलत एक नवी भाषा शिकावी, आणि त्यामुळेंच लोकांनीं तिला प्रौढ मानावें, हा योगायोग मोठा मनोहर आहे. फ्रेंचनंतर त्या जर्मन आणि इटालियन भाषांतूनहि गाऊं लागल्या. इंग्लंडनेंहि आतां पाठ फिरविली नाहीं. १९६१ च्या आरंभीं त्यांचें 'सेलर' हें गाणें तेथें पहिल्या क्रमांकावर गेलें. दूर गेलेल्या मुलीची किंमत माहेरीं वाढते, त्यांतलाच हा प्रकार.

१९६४ सालीं टोनी हॅच हे संगीतरचनाकार नवीं गाणीं घेऊन पॅरिसला त्यांच्या घरीं आले. आणलेल्या गाण्यांपैकीं एकहि बाईंच्या मनास येईना. अखेरीस, आणखी कांहीं आहे का, असें विचारतां हॅच यांनीं एक अपुरी चाल वाजवून दाखविली. न्यूयॉर्क शहर प्रथमच पाहून आल्यावर ती त्यांना सुचली होती; शब्द अद्याप पुरे व्हावयाचे होते. या चालीला शोभतील असे शब्द लिहून आणा, मी हें गाणें म्हणतें, असें बाईंनीं सांगितलें. तें गाणें म्हणजे 'डाउनटाऊन'. ऑक्टोबरमध्यें लंडन येथें त्याचें मुद्रण झालें. इंग्लंडांत तें दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोंचलें आणि जानेवारी १९६५ मध्यें अमेरिकेंत पहिल्या क्रमांकावर जाऊन दोन आठवडे तेथें राहिलें. त्यापूर्वीं इंग्लंडची दुसरी एकच गायिका त्या स्थानीं पोंचली होती, ती म्हणजे १९५२ सालीं व्हेरा लिन. आणि व्हेरा लिन हीहि युद्धकाळांतील सैनिकांची लाडकी गायिकाच. अमेरिकन तरुणांना मात्र या इतिहासाचा पत्ता नव्हता. बीटल्स मंडळींच्या पाठोपाठ इंग्लंडहून आलेली ही कोणी नवीनच गायिका, असें त्यांना वाटलें. बावीस वर्षें ध्वनिक्षेपकासमोर काढलेल्या, दोन मुलींची आई झालेल्या बाईंना लोक नवोदित समजत होते!

यानंतरच्या यशाची यादी मोठी आहे. ती देऊन मी श्रोत्यांना शिणवीत नाहीं. एकच सांगतों. १९६७ सालीं चार्ली चॅप्लिन यांनीं रचलेलें एक गीत त्यांनीं गायिलें. त्याचे शब्द फारच जुन्या वळणाचे आहेत म्हणून बाईंना ते पसंत नव्हते. चॅप्लिन यांनीं एक अक्षर बदलूं दिलें नाहीं. आणि तेंच गाणें इंग्लंडांत पहिलें आलें. कलावंताची स्वतःविषयींची पारख नेहमीं खरी ठरते असें नाहीं.

परंतु १९६८ सालच्या एका प्रसंगीं त्यांनीं आपला निर्णय जराहि ढळूं दिला नाहीं, आणि माझ्या दृष्टीनें साऱ्या चरित्रांत त्या प्रसंगाचें महत्त्व सर्वांत अधिक आहे. अमेरिकेंतील एन. बी. सी. या संस्थेनें त्यांचा एक तासाचा दूरचित्रवाणी-कार्यक्रम योजला. खर्च एका मोटार-कंपनीचा. पाहुणे म्हणून आले होते हॅरी बेलाफॉन्टे, प्रख्यात कृष्णवर्णीय गायक आणि मार्टिन ल्यूथर किंग यांचे निकटचे सहकारी. क्लार्कबाईंनीं स्वतः रचलेलें एक युद्धविरोधी गीत दोघांनीं मिळून म्हणावयाचें होतें. गातां गातां गीताच्या भरांत बाईंनीं बेलाफॉन्टे यांच्या दंडावर हात ठेवला. मोटार-कंपनीचा जाहिरात-अधिकारी तें पाहून अस्वस्थ झाला. गोऱ्या स्त्रीनें काळ्या पुरुषाला स्पर्श केलेला दक्षिणेकडील गिऱ्हाइकांना रुचणार नाहीं, असें त्याचें म्हणणें. दोघें अंतरावर उभीं राहून गायिलेलें दुसरें मुद्रण वापरावें, असा आग्रह त्यानें धरला. बाईंनीं आणि त्यांच्या पतींनीं तो साफ नाकारला. एवढ्यावर न थांबतां त्या गीताचीं बाकीचीं सर्व मुद्रणें त्यांनीं नष्ट करविलीं आणि स्पर्शाचें तेवढें एकच मुद्रण शिल्लक ठेवून कार्यक्रम संस्थेच्या स्वाधीन केला. एप्रिल १९६८ मध्यें तो तसाच दाखविण्यांत आला. त्याच महिन्यांत, ४ तारखेस, मेम्फिस येथें मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला.

अमेरिकन दूरचित्रवाणीवर असा स्पर्श तो पहिलाच, असें पुष्कळदां लिहिलें जातें. असल्या 'पहिलाच' म्हणून सांगितलेल्या गोष्टी जपूनच घ्याव्या. आधल्या वर्षींच नॅन्सी सिनात्रा आणि सॅमी डेव्हिस यांचा असा एक प्रसंग पडद्यावर येऊन गेला होता. मला महत्त्व वाटतें तें निराळ्याच गोष्टीचें. अंगावर कोणता झगा असावा, पायांत कसले जोडे असावे, हेंहि ज्या मुलीला ठरवूं दिलें गेलें नव्हतें, त्याच मुलीनें पस्तिसाव्या वर्षीं, पैसा पुरविणाऱ्या धन्याच्या तोंडावर, आपला हात कोठें असावा हें आपण ठरविणार असें सांगितलें. दूरचित्रवाणी तीच, फक्त देश निराळा. आणि आतां मुद्रणाची किल्ली त्यांच्या हातीं होती. अलेक्झांड्रा पॅलेसच्या दिवसांत नष्ट करावें असें मुद्रणच नव्हतें.

त्याच वर्षीं फ्रेड अस्टेअर यांच्यासह 'फिनियन्स रेनबो' आणि पुढच्या वर्षीं पीटर ओटूल यांच्यासह 'गुडबाय, मिस्टर चिप्स' हे दोन संगीत बोलपट झाले. १९७० नंतर मुलांसाठीं त्यांनीं कामें बरींच आटोपतीं घेतलीं. १९८१ मध्यें लंडन येथें 'द साउंड ऑफ म्युझिक' नाटकांतील मारियाची भूमिका त्यांच्याकडे आली तेव्हां त्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या होत्या. मारिया ही तर मठांतून बाहेर पडलेली तरुणी. एके काळीं वय दडविण्यासाठीं जी धडपड केली जात असे, तिचें येथें कांहीं कारणच पडलें नाहीं. जिच्या आयुष्यावर तें नाटक आधारलेलें आहे ती मारिया फॉन ट्रॅप स्वतः प्रयोग पाहावयास आली आणि आपली भूमिका करणाऱ्यांत ही सर्वांत सरस, असें म्हणाली. १९६५ च्या बोलपटांत ही भूमिका ज्यूली अँड्र्यूज यांनीं केली होती, हें श्रोत्यांना ठाऊक असेलच.

१९९५ मध्यें त्यांनीं 'सनसेट बूलेव्हार्ड' या संगीत नाटकांत नॉर्मा डेस्मंडची भूमिका घेतली. नॉर्मा ही मूकपटांच्या काळांतील एक विस्मृत तारका. जगानें आपल्याला सोडलें आहे हें तिला पटत नाहीं. जुन्या वाड्यांत स्वतःचींच चित्रें पाहत ती बसते. सोळाव्या वर्षीं आंखूड झगा घालून जी मुलगी लोकांच्या आठवणींत कोंडली गेली होती, ती वयाच्या बासष्टाव्या वर्षीं आपल्याच आठवणींत कोंडून घेतलेली बाई रंगवीत होती. ही भूमिका पुढें त्यांनीं अमेरिकेच्या दौऱ्यांतहि केली. २०१३ सालच्या एका संग्रहांत 'डाउनटाऊन' त्यांनीं पुन्हां गायिलें, तें अगदीं संथ लयींत. पहिल्या गाण्यांत शहराकडे धांव घेणारी तरुणी होती; या गाण्यांत तें शहर पाहून आलेली स्त्री सांवकाश बोलते असें वाटतें. माझ्यापुरतें विचाराल तर मला हें दुसरें गायन अधिक आवडतें.

२०१९ च्या अखेरीस लंडनच्या प्रिन्स एडवर्ड नाट्यगृहांत 'मेरी पॉपिन्स' हें नाटक पुन्हां लागलें. ज्यूली अँड्र्यूज यांना १९६४ मध्यें बोलपटांत कीर्ति मिळवून दिली ती हीच कथा. नाटकांत सेंट पॉलच्या मंदिराबाहेर बसून पांखरांचे दाणे विकणारी एक म्हातारी आहे. तिचें काम मोठें नाहीं, पण तिला एक गाणें आहे. तें काम पेट्युला क्लार्क यांनीं केलें. त्या तेव्हां सत्याऐंशीच्या घरांत होत्या, आणि त्या म्हातारीच्या भूमिकेसाठीं कोणालाहि त्यांचें वय दडवावें लागलें नाहीं. प्रिन्स एडवर्डपासून क्रायटेरियन नाट्यगृह पायीं दहा मिनिटांच्या वाटेवर आहे.